दुसऱ्या पसंतीची गोष्ट

दिवाळी अंक घरात आला की त्याच्यावरून जी ओढाताण होते ती काही नवी नाही. वडीलधारी माणसे वैचारिक लेखांकडे वळतात, मुले आधी व्यंगचित्रे शोधतात, आणि फराळाच्या ताटाशी बसून ‘यंदाची उत्तम कथा कोणती’ यावर जो वाद रंगतो त्याचा निकाल सहसा लागत नाही; ज्याचा आवाज मोठा त्याची कथा उत्तम, असे म्हणून मंडळी चहाकडे वळतात. परीक्षकांनी दिलेली बक्षिसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. पण परीक्षक कोणी नाही, वाचक हेच परीक्षक, आणि तेही हजारोंच्या संख्येने, अशी व्यवस्था करायची झाली तर मते मोजायची कशी? ज्याला अधिक मते तो पहिला, यात विचार करण्यासारखे काय आहे, असे कोणीही म्हणेल. या साध्या दिसणाऱ्या प्रश्नापायी शहाणीसुरती माणसे दोनशे वर्षांहून अधिक काळ भांडत आली आहेत, आणि विज्ञानकथेच्या एका बक्षिसाने त्या भांडणात मोलाची भर घातली आहे. ती हकिगत मला सांगायची आहे.

बक्षिसाचे नाव ‘ह्यूगो’. लक्झेम्बर्गमध्ये जन्मलेला ह्यूगो गर्न्सबॅक हा गृहस्थ अमेरिकेत गेला आणि १९२६ साली त्याने केवळ विज्ञानकथांना वाहिलेले ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक काढले. वाचकांची पत्रे तो त्यांच्या पत्त्यांसकट छापी. मग वाचकच एकमेकांना पत्रे लिहू लागले, गावोगाव मंडळे निघाली, आणि १९३९ साली न्यूयॉर्क येथे या मंडळींचे पहिले जागतिक संमेलन भरले. १९५३ सालच्या फिलाडेल्फियाच्या संमेलनात बक्षिसे देण्याचे ठरले, आणि त्यांना पुढे या गर्न्सबॅकचेच नाव चिकटले. मानचिन्ह म्हणून उभा अग्निबाण योजला होता. ते अग्निबाण घडवण्याचे काम जॅक मॅकनाइट नावाच्या कुशल कारागिराने अंगावर घेतले, आणि ते वेळेवर पुरे करण्याच्या घाईत बिचाऱ्याचे संमेलनच बुडाले. लग्नघरच्या आचाऱ्याला पंगत कुठे पाहायला मिळते! कादंबरीचा पहिला मान आल्फ्रेड बेस्टरच्या ‘द डिमॉलिश्ड मॅन’ला मिळाला. १९५४ साली खंड पडला. १९५५ पासून मात्र हे अग्निबाण दरवर्षी दिले जात आहेत.

मत देण्याचा अधिकार कोणाला? तर संमेलनाची वर्गणी भरणाऱ्या कोणत्याही सभासदाला. तो लेखक असो, शाळामास्तर असो की विद्यार्थी असो. संमेलनाला जाणे न जमले तरी कमी वर्गणी भरून घरबसल्या मत देता येते. आपल्याकडे याच्या अगदी उलट प्रकार घडलेला पुष्कळांना आठवत असेल. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत आपली ‘कृष्णविवर’ ही कथा धाडली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने, म्हणजे आपली आद्याक्षरे उलटी करून. नावाने भारून जाऊन परीक्षकांनी बक्षीस देऊ नये, हा हेतू. कथेला पहिले बक्षीस मिळाले. ह्यूगोच्या मतदाराला लेखकाचे नाव, त्याची आवडनिवड, त्याची भांडणे, सारे ठाऊक असते आणि त्यासकट तो मत देतो. म्हणूनच मोजणीची रीत तिथे फार महत्त्वाची होऊन बसते.

ही रीत अशी. प्रत्येक वर्गात अंतिम यादीवर काही नावे असतात. मतदार त्यांपैकी एकावर फुली मारून मोकळा होत नाही. तो त्यांना क्रमांक देतो. पहिली पसंती १, दुसरी २, याप्रमाणे. मोजताना प्रथम सर्वांच्या पहिल्या पसंती मोजतात. कोणाला निम्म्याहून अधिक मते पडली तर प्रश्नच मिटला. नाहीतर ज्याला सर्वांत कमी मते तो बाद होतो, आणि त्याच्या मतपत्रिका फेकून न देता त्यांवरची पुढची पसंती पाहून त्या उरलेल्यांत वाटून टाकतात. निम्म्याहून अधिक मते कोणाला तरी मिळेपर्यंत फेऱ्या चालतात.

हे फराळाच्या भाषेत सांगितले तर अधिक पटेल. समजा, पंधरा माणसांच्या एकत्र कुटुंबात यंदा कोणता पदार्थ डबा भरून करायचा यावर मते घेतली. चकलीला सहा, बेसनाच्या लाडवाला पाच आणि रव्याच्या लाडवाला चार मते पडली. नेहमीच्या हिशेबाने चकली जिंकली! पण घरातल्या नऊ जणांना गोड हवे होते. त्यांची मते दोन लाडवांत फुटली, एवढाच त्यांचा अपराध. पसंतीक्रमाने मोजले तर रव्याचा लाडू आधी बाद होतो, त्याच्या चौघांची दुसरी पसंती बेसनाला असते, आणि बेसनाचा लाडू नऊ विरुद्ध सहा असा विजयी होतो. रव्याच्या लाडवावर प्रेम करणाऱ्याला ‘आपले मत वाया जाईल’ या भीतीने मन मारून बेसनाला मत द्यावे लागले नाही, हा या रीतीचा खरा गुण.

ही कल्पना कोणा विज्ञानकथाकाराच्या डोक्यातून निघालेली नाही. डेन्मार्कचा गणितज्ञ आणि मुत्सद्दी कार्ल आंद्रे याने १८५५ साली पसंतीक्रमाची पद्धत आपल्या देशाच्या निवडणुकीत आणली. त्याच सुमारास त्याच्याशी काही संबंध नसताना लंडनचा वकील टॉमस हेअर याला तीच गोष्ट सुचली. त्याने १८५९ साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला आणि जॉन स्टुअर्ट मिलने त्याची तोंड भरून स्तुती केली. मात्र या दोघांपुढे प्रश्न होता तो अनेक जागा भरण्याचा. जागा एकच असेल तर काय करावे, याचे उत्तर १८७० च्या सुमारास विल्यम वेअर नावाच्या अमेरिकन वास्तुशास्त्राच्या प्राध्यापकाने काढले. घरे बांधायला शिकवणाऱ्या माणसाने मतमोजणीचा विचार करावा याची मला मोठी गंमत वाटते.

देशभराच्या निवडणुकीत ही रीत रुजली ती ऑस्ट्रेलियात, आणि रुजली तीही तत्त्वज्ञानाने नव्हे, पराभवाच्या चटक्याने. १९१८ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या स्वॉन मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. मजूर पक्षाच्या विरोधकांचे दोन उमेदवार उभे राहिले, त्यांची मते फुटली, आणि मजूर पक्षाचा बावीस वर्षांचा तरुण जेमतेम एकतृतीयांश मतांवर निवडून आला. सरकारने तातडीने कायदा बदलला. त्याच वर्षी डिसेंबरात कोरंगामाइट येथे नव्या रीतीने पोटनिवडणूक झाली. तिथे मजूर पक्षाचे जेम्स स्कलिन पहिल्या पसंतीत आघाडीवर होते आणि दुसऱ्या पसंती मोजल्यावर हरले. हेच स्कलिन १९२९ साली पंतप्रधान झाले, त्यामुळे त्यांच्याविषयी फार हळहळण्याचे कारण नाही.

आणि हा प्रकार आपल्याला तरी कुठे परका आहे? आपल्या घटनेच्या ५५ व्या कलमाने राष्ट्रपतींची निवड पसंतीक्रमानेच ठरवली आहे. विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत ज्यांनी मत दिले, त्यांनी मतदान केंद्रावरच्या जांभळ्या पेनाने हे आकडे स्वतः लिहिलेले आहेत. मीही लिहिले आहेत. पहिला आकडा मांडताना हात अडखळला नाही. दुसरा मांडताना मात्र बराच वेळ थांबलो. आवडता उमेदवार कोण हे मनाशी ठरलेलेच असते. तो नाही तर कोण चालेल, हा प्रश्न माणूस स्वतःला एरवी विचारीत नाही.

या दुसऱ्या आकड्याने एकदा दिल्लीत इतिहास घडवला. डॉ. झाकिर हुसेन यांच्या निधनानंतर १९६९ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रपतिपदाची निवडणूक झाली. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, अपक्ष म्हणून उभे राहिलेले वराहगिरी वेंकट गिरी, आणि स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांच्या पाठिंब्याचे तिसरे उमेदवार आपले चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली अर्थमंत्रिपदावर पाणी सोडणारे तेच चिंतामणराव. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी देशमुखांच्या पाठीराख्यांकडे रेड्डींसाठी दुसऱ्या पसंतीची मते मागितली. तेच निमित्त होऊन पक्षात ठिणगी पडली, आणि इंदिरा गांधींनी सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत देण्याचा पुकारा केला. आमदार-खासदारांच्या मतांना जे मूल्य असते त्या हिशेबाने पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मते पडली. विजयाला ४,१८,१६९ हवी होती. ती कोणालाच नव्हती. मग बाद झालेल्यांच्या दुसऱ्या पसंती वाटल्या. रेड्डींना त्यांतली एक्याण्णव हजारांहून अधिक मिळाली, गिरींना अठरा हजारांच्या वर. पण तेवढी त्यांना पुरेशी होती. अखेर गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. चिंतामणराव हरले खरे, पण देशाचा राष्ट्रपती त्यांच्या आणि इतर बाद उमेदवारांच्या मतपत्रिकांवरच्या दुसऱ्या आकड्याने ठरला. असा प्रसंग राष्ट्रपतींच्या निवडणुकीत पुन्हा आलेला नाही.

आता या रीतीचा दोषही सांगितला पाहिजे. पुन्हा त्याच कुटुंबात जाऊ. चकलीला सहा मते, लाडवाला पाच, चिवड्याला चार. पण चकलीवाले आणि लाडूवाले या सर्वांची दुसरी पसंती चिवड्याला आहे. चिवड्याशी एकास एक सामना लावला तर चकली नऊ विरुद्ध सहा अशी हरते आणि लाडू दहा विरुद्ध पाच असा. म्हणजे सर्वांना चालणारा पदार्थ चिवडाच. पण पहिल्या पसंती कमी म्हणून तो पहिल्याच फेरीत बाद! असे एकास एक सामने लावून पाहण्याची दृष्टी फ्रान्सच्या काँदोर्सेने १७८५ सालीच दिली होती. मग तीच रीत का न वापरावी? तर तिच्यात कधी कधी अ ने ब ला, ब ने क ला आणि क ने पुन्हा अ ला हरवावे असा पेच पडतो. १९५१ साली केनेथ अॅरो या अर्थशास्त्रज्ञाने सिद्धच केले की पर्याय तीन किंवा अधिक असले की पसंतीक्रमाची कोणतीही रीत काही मोजक्या, अगदी वाजवी वाटणाऱ्या अटी एकाच वेळी पाळू शकत नाही. सर्वांगसुंदर रीत नाही. तेव्हा कोणता दोष पत्करायचा एवढेच आपल्या हाती उरते.

ह्यूगोवाल्यांनी या रीतीला स्वतःची एक जोड दिली आहे, आणि मला ती सर्वांत आवडते. त्यांच्या मतपत्रिकेवर प्रत्येक वर्गात ‘बक्षीस नको’ अशी एक ओळ असते, आणि तिलाही क्रमांक देता येतो. ती इतर उमेदवारांसारखीच शर्यतीत धावते. एवढेच नव्हे, तर विजेता ठरल्यावर आणखी एक परीक्षा घेतात: ‘बक्षीस नको’ला विजेत्याच्या वर ठेवणाऱ्या मतपत्रिका अधिक निघाल्या, तर बक्षीस कोणालाच मिळत नाही. आपल्याकडे २०१३ सालापासून मतदान यंत्रावर ‘नोटा’ आला. पण लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत त्याला कितीही मते पडली तरी उरलेल्यांत अधिक मतांचा उमेदवार निवडून येतोच. आपला नोटा नुसता नाराजी नोंदवतो. त्यांची ओळ जिंकू शकते. १९५९ साली चित्रपटांच्या वर्गात ती जिंकलीही होती. पुढल्या अर्धशतकात तिने फारच थोड्या वेळा डोके वर काढले. मग २०१५ साल उजाडले.

येथे ग्यानबाची मेख आहे. पसंतीक्रम हा अंतिम फेरीत होता. अंतिम यादी मात्र जुन्याच साध्या हिशेबाने होत असे. प्रत्येक सभासदाने वर्षभरातल्या वाचनातून पाचापर्यंत नावे सुचवावी, ज्यांना अधिक सूचना ती पाच नावे यादीवर. वाचकांची आवड हजार कथांत विखुरलेली असते. अशा वेळी दोनतीनशे माणसांनी एकच यादी समोर ठेवून तीच पाच नावे लिहिली, तर पाचही जागा त्यांच्या. बक्षिसे साहसकथांना डावलून विशिष्ट मतांच्या, साहित्यिक थाटाच्या लेखनाला मिळतात, अशी तक्रार घेऊन लॅरी कोरिआ या लेखकाने २०१३ साली एक मोहीम काढली होती. तिने ‘दुःखी पिल्ले’ असे गमतीचे नाव घेतले होते. २०१५ साली ती मोहीम ब्रॅड टोर्गरसनने चालवली, आणि तिच्या जोडीला थिओडोर बील याची ‘पिसाळलेली पिल्ले’ ही अधिक कडवी यादी आली. तक्रार खरी की खोटी हा वाद निराळा. आवडीबद्दल तक्रार करण्याचा हक्क प्रत्येक वाचकाला आहे. पण दुसऱ्याच्या यादीवरून नावे उतरवून काढणे म्हणजे वाचन नव्हे, असे माझे मत आहे. पाच वर्गांत यादीवरची पाचही नावे याच मोहिमांची होती.

मग चाळीस डॉलरची वर्गणी भरून नवे सभासद लोटले. सूचना पाठवणारे २,१२२ होते. अंतिम मतपत्रिका आल्या ५,९५०. स्पोकेन शहरातल्या समारंभात त्या पाचही वर्गांत ‘बक्षीस नको’ विजयी झाले. तोवरच्या साऱ्या इतिहासात मिळून जितक्या वेळा ते घडले होते, तितक्या वेळा एका रात्रीत! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्यांचे कौतुक वाटत नाही. संपादकांच्या दोन्ही वर्गांत कित्येक वर्षे निष्ठेने काम केलेली माणसे होती. आपले नाव कोणाच्या यादीवर आले एवढ्यासाठी त्यांनाही रिकाम्या हाती परतावे लागले. मतपत्रिकेवर सुक्याबरोबर ओलेही जळते.

त्याच रात्री दुसरीही एक गोष्ट घडली. मार्को क्लूस या लेखकाची कादंबरी याद्यांच्या जोरावर अंतिम फेरीत आली होती. हे कळताच त्याने आपण होऊन माघार घेतली. त्याच्या रिकाम्या जागी पुढचे नाव आले ते लिऊ त्सिशिन या चिनी लेखकाच्या ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’चे, केन लिऊ यांच्या इंग्रजी अनुवादाचे. आणि तीच कादंबरी जिंकली. ह्यूगो मिळवणारी ती पहिली अनुवादित कादंबरी. एका माणसाने भिडेखातर नव्हे, तर लाज वाटून सोडलेल्या जागेवरून हे घडले, हे मला त्या कादंबरीतल्या कोणत्याही चमत्काराहून कमी वाटत नाही.

यादी करण्याची रीत मग बदलली. संगणक-सुरक्षेचे जाणकार ब्रूस श्नायर आणि मतदानपद्धतींचे अभ्यासक जेमसन क्विन यांचा तिच्या घडणीत हात होता. तिचा गाभा आपल्या घरच्या हिशेबाने सांगता येतो. प्रत्येक सभासदाजवळ एकच रुपया. त्याने पाच नावे सुचवली तर प्रत्येकाला वीस पैसे. सर्वांत कमी रुपये असलेली दोन नावे समोरासमोर उभी करायची, आणि त्यांपैकी ज्याला सुचवणारी माणसे कमी, ते बाद. ते बाद होताच त्याचे पैसे त्याच मतदारांच्या उरलेल्या नावांत वाटले जातात; वीसचे पंचवीस होतात. आता दोनशे माणसांनी तीच पाच नावे लिहिली तर त्यांचा रुपया पाचांत विभागला जातो, प्रत्येकाच्या वाट्याला चाळीसच रुपये येतात, आणि त्यांची नावे आपसांतच झुंजून गळू लागतात. उलट वेगवेगळ्या आवडीच्या साठ वाचकांची बाकीची नावे गळून एकच उरले, तर त्याच्याजवळ पुरे साठ रुपये असतात. गटाला त्याच्या संख्येच्या मानाने एकदोन जागा मिळतात, साऱ्या मिळत नाहीत. त्या संस्थेच्या घटनेत बदल करायचा तर लागोपाठ दोन संमेलनांची संमती लागते. ती २०१५ आणि २०१६ साली मिळाली, आणि २०१७ च्या हेलसिंकी संमेलनापासून हा हिशेब लागू झाला. यादीवर आता पाचऐवजी सहा नावे असतात.

गणित सुधारले, पण गणित मांडणारा हात माणसाचाच. २०२३ साली संमेलन चीनमधल्या चेंगडू येथे भरले. पुढच्या जानेवारीत सविस्तर आकडे प्रसिद्ध झाले तेव्हा दिसले की आर. एफ. क्वांग यांच्या ‘बेबेल’ला यादीवर येण्याइतक्या सूचना असूनही तिच्यावर नुसता ‘अपात्र’ असा शेरा होता, कारण काही नाही. इतरही काहींचे असेच झाले होते. फेब्रुवारीत व्यवस्थापकांचा आपसातला पत्रव्यवहार बाहेर आला, आणि नामांकितांचे लेखन व मते राजकीय दृष्टीने तपासली गेली होती हे उघड झाले. राजीनामे झाले, ठपके ठेवले गेले. ‘बेबेल’ला त्याआधीच लेखकांच्या संघटनेचे नेब्युला पारितोषिक मिळालेले होते, ह्यूगोच्या मतदारांपुढे मात्र ती कधी आलीच नाही. पहिला आकडा लिहायला नावच नसेल तर दुसऱ्याची काय कथा!

त्यानंतरच्या, २०२४ सालच्या ग्लासगोच्या संमेलनाकडे म्हणून सर्वांचे डोळे लागले होते. तिथल्या समितीने निकालाची वाट न पाहता जुलैतच जाहीर केले की आलेल्या ३,८१३ मतपत्रिकांपैकी ३७७ खोट्या निघाल्या असून त्या रद्द केल्या आहेत. त्यांतल्या पुष्कळ एकाच उमेदवाराच्या फायद्याच्या होत्या. उमेदवाराला याची कल्पना असल्याचा काही पुरावा नव्हता, म्हणून त्याचे नाव समितीने सांगितले नाही. खोटेपणा ओळखू कसा आला, तेही समितीने लिहिले आहे. पुष्कळ मतदारांची आडनावे एकसारखी होती, फक्त पहिले अक्षर बाराखडीच्या क्रमाने बदलत गेले होते. आणि काही नावे तर सलग आकड्यांची भाषांतरे करून घडवलेली होती.